मोदिल्यानीचीं चित्रें, चेरोनीची यादी व लिलावाचा हातोडा

ता. १४ मे २०१८ रोजीं न्यूयॉर्क येथें सोदबीज या लिलावगृहांत आमेदेओ मोदिल्यानी या इटालियन चित्रकाराचें १९१७ सालचें एक मोठें चित्र विक्रीस निघालें. डाव्या कुशीवर पहुडलेली, पाठ प्रेक्षकाकडे करून मान वळवून पाहणारी विवस्त्र स्त्री, असा त्याचा विषय आहे. विक्रीपूर्वीं लिलावगृहानें त्याची अपेक्षित किंमत १५ कोटी डॉलरांहून अधिक सांगितली होती. तोंपर्यंत कोणत्याहि कलाकृतीस लिलावापूर्वीं एवढा आंकडा लावण्यांत आलेला नव्हता. हातोडा १३ कोटी ९० लक्षांवर पडला, आणि लिलावगृहाची दस्तुरी मिळवून खरेदीदारानें द्यावयाची रक्कम १५ कोटी ७२ लक्ष डॉलर झाली. हेंच चित्र २००३ सालीं क्रिस्टीज या दुसऱ्या लिलावगृहांत २ कोटी ६९ लक्ष डॉलरांस गेलें होतें. म्हणजे पंधरा वर्षांच्या आंत तें पांचपटींहून अधिक वाढलें.

या आंकड्यांचें कौतुक करण्यासाठीं आम्हीं लेखणी उचललेली नाहीं. कोणीं आपला पैसा कोठें घालावा हा इतिहाससंशोधकाचा प्रश्न नव्हे. परंतु एवढी रक्कम मोजतांना खरेदीदार जें विधान खरें मानून चालतो, तें विधान निव्वळ ऐतिहासिक स्वरूपाचें आहे: ‘अमुक वस्तु अमुक मनुष्यानें अमुक सालीं आपल्या हातानें केली.’ या विधानास आधार कोणता, तो किती बळकट, आणि आधाराच्या जागीं किंमतच येऊन बसते कीं काय, हा प्रश्न मात्र आमच्या कक्षेंतला आहे. सनदा, महजर, करीने यांचा खरेखोटेपणा पाहण्यांत ज्यांचे डोळे शिणले आहेत, त्या आमच्या वाचकांस हा प्रश्न परका वाटण्याचें कारण नाहीं. कागद बदलला, शाई बदलली. पारख तीच आहे.

प्रथम चित्रकाराविषयीं निश्चित असलेली हकीकत थोडक्यांत देतों. मोदिल्यानीचा जन्म ता. १२ जुलै १८८४ रोजीं टस्कनी प्रांतांतील लिव्होर्नो या बंदरांत एका ज्यू कुटुंबांत झाला. तेथेंच गुल्येल्मो मिकेली याजपाशीं त्याचें पहिलें शिक्षण झालें. पुढें फिरेंत्से व व्हेनिस येथें कांहीं काळ काढून १९०६ सालीं तो पॅरिसला आला. १९०९ पासून सुमारें पांच वर्षें त्यानें शिल्पकलेवर भर दिला. ब्रांकुशी या रुमानियन शिल्पकाराचा सहवास त्यास याच काळांत लाभला, व १९१२ सालच्या शरद्प्रदर्शनांत त्याचीं दगडी मस्तकें मांडलीं गेलीं. पुढें तो चित्राकडे परत वळला. प्रथम पॉल गियोम व नंतर लेओपोल्ड झ्बोरोव्स्की हे त्याचे विक्रेते. डिसेंबर १९१७ मध्यें बेर्त वेय या बाईंच्या दालनांत त्याचें प्रदर्शन भरलें, तेव्हां तेथील विवस्त्र चित्रांस पोलिसांनीं हरकत घेतली. ता. २४ जानेवारी १९२० रोजीं पॅरिसच्या एका धर्मार्थ रुग्णालयांत क्षयजन्य मस्तिष्कज्वरानें त्याचा अंत झाला. त्यास छत्तिसावें वर्ष चालू होतें. एक-दोन दिवसांतच त्याची सहचरी जान एब्युतेर्न हिनें, गर्भाचे दिवस भरत आले असतां, खिडकींतून उडी टाकून देह ठेविला.

ही हकीकत एवढीच असती तर फारसा गोंधळ झाला नसता. पण मनुष्य गेल्याबरोबर दंतकथा उभी राहिली. जन्माच्या वेळीं घरावर जप्ती आली होती, आणि बाळंतिणीच्या अंथरुणावरील वस्तूंस हात लावतां येत नाहीं या कायद्याचा आधार घेऊन कुटुंबानें सर्व मौल्यवान चिजा आईच्या अंगावर रचल्या, अशी एक कथा आहे. दुसरी याहून कडवट आहे. १९१९ सालीं लंडन येथें फ्रेंच चित्रांचें प्रदर्शन भरलें असतां मोदिल्यानी आजारी पडल्याची बातमी आली. तेव्हां, मृत्यु आल्यास भाव चढेल या हिशेबानें, निकाल कळेपर्यंत विक्री थांबवा अशी तार पॅरिसहून आली, असें त्या प्रदर्शनाचे एक चालक ओस्बर्ट सिटवेल यांनीं आपल्या आठवणींत नमूद केलें आहे. ही आठवण प्रसंगानंतर सुमारें तीस वर्षांनीं प्रसिद्ध झाली. एकट्या साक्षीदाराची आणि उशिराची म्हणून ती जपून वापरली पाहिजे. परंतु साक्षीदार प्रत्यक्ष त्या व्यवहारांतील होता, ही गोष्ट तिच्या बाजूची आहे. चित्रकाराची मुलगी जान मोदिल्यानी हिनें १९५८ सालीं बापाचें चरित्र लिहिलें, तें मुख्यतः दंतकथेचा हा पाचोळा झाडण्यासाठींच. तरी दंतकथा मेली नाहीं. तिला गिऱ्हाईक होतें.

आतां मूळ मुद्द्याकडे येऊं. मोदिल्यानीनें आपल्या कामाची कोणतीहि समग्र नोंद मागें ठेविली नाहीं. चित्रें भाड्याच्या खोल्यांतून, मित्रांकडून, विक्रेत्यांकडून पांगलीं. म्हणून याद्या करण्याचें काम मागाहून आलेल्यांवर पडलें. पहिली यादी आर्थर फान्स्टील यानें १९२९ सालीं छापली, व तिला त्यानें स्वतःच ‘संभाव्य’ यादी म्हटलें. या एका शब्दासाठीं तो आम्हांस वंद्य वाटतो. पुढें आम्ब्रोजो चेरोनी यानें १९५८ पासून काम करीत १९७० सालीं मिलान येथें आपली शेवटची यादी प्रसिद्ध केली. तींत ३३७ चित्रें आहेत. त्याच वर्षीं लांतेमान याची याहून मोठी यादी बाहेर पडली, व त्यानंतरहि आणखी याद्या झाल्या. परंतु बाजारानें पत्करली ती चेरोनीची. चित्रास चेरोनीचा क्रमांक असेल तर मोठीं लिलावगृहें तें निःशंकपणें विक्रीस घेतात. नसेल तर बहुधा दारांतूनच परत पाठवितात.

या यादीचा गुण कोणता? असें सांगतात कीं, चेरोनीनें जें चित्र स्वतःच्या डोळ्यांनीं पाहिलें तेंच आपल्या यादींत घेतलें. हा नियम उत्तम आहे. ऐकीव प्रतीवरून मजकूर छापणाऱ्या संपादकांपेक्षां अस्सल कागद हातीं धरणारा संपादक केव्हांहि श्रेष्ठ. पण या नियमाचा अर्थ नीट ध्यानांत घेतला पाहिजे. ‘मीं पाहिलें आणि मला खरें वाटलें’ एवढेंच अशी यादी सांगते. ‘मीं न पाहिलेलें खोटें आहे’ असें ती सांगत नाहीं, आणि सांगूंहि शकत नाहीं. युरोपाबाहेर, विशेषतः अमेरिकेंत, फार पूर्वींच गेलेलीं कांहीं चित्रें चेरोनीच्या नजरेखालून गेलीं नाहींत, हें पुढील अभ्यासकांनीं दाखविलें आहे. बाजारानें मात्र मौनाचा अर्थ नकार असा लाविला. यादीकर्त्याच्या शब्दापेक्षां त्याच्या न बोलण्यालाच अधिक वजन आलें, हा या सर्व प्रकरणांतील पहिला तर्कदोष होय.

दुसरा दोष याच्या उलट बाजूचा आहे. जें एकदां यादींत आलें तें कायमचें आलें असें मानलें जातें. परंतु चेरोनीजवळ मुख्य साधन होतें तें त्याच्या दृष्टीचें. क्ष-किरण, रंगद्रव्यांचें पृथक्करण, कापडाच्या धाग्यांची मोजणी हीं साधनें आज ज्या सरसकट रीतीनें वापरतां येतात तशीं त्या काळीं उपलब्ध नव्हतीं. दृष्टीचा पुरावा हा पुरावाच नव्हे असें आम्ही म्हणत नाहीं. मोडी अक्षराचें वळण पाहून कारकून ओळखणारे आमच्यांतहि झाले आहेत. परंतु वळण हुबेहूब उचलणारेहि झाले आहेत, हें विसरतां येत नाहीं. मोदिल्यानीचे लांब गळे, बदामी डोळे, एका बाजूस कललेलीं मस्तकें यांचें अनुकरण फार सोपें दिसतें. आणि एल्मिर द होरी यासारख्या कुशल बनावटकारानें त्याचा फायदा घेतल्याचें जगास ठाऊक आहे.

आतां लिलावाची यंत्ररचना पाहूं. किंमतीस पुरावा मानणारांचें म्हणणें असें कीं, एवढे पैसे मोजणारा खात्री केल्यावांचून मोजणार नाहीं. सबब किंमत हीच प्रामाण्याची खूण. हें वरवर पटण्यासारखें आहे. परंतु किंमत बनते कशी? मोठ्या चित्राच्या विक्रीपूर्वीं लिलावगृह किंवा एखादा तिऱ्हाईत मालकास किमान रकमेची हमी देतो. तिऱ्हाईतानें आगाऊ दिलेली, परत न घेतां येणारी बोली ही लिलावाच्या आधींच गुप्तपणें नोंदलेली असते. दुसरा कोणी वर चढला नाहीं तर माल त्याच्या गळ्यांत पडतो, आणि चढला तर त्यास मोबदला मिळतो. २०१८ च्या ज्या विक्रीचा वर उल्लेख केला, तींत अशी हमी होती, हातोडा अपेक्षेच्या खालीं पडला, आणि तरीहि वृत्तपत्रांत गाजला तो दस्तुरीसह झालेला मोठा आंकडा. अंदाजाचा आंकडा दस्तुरी वगळून सांगावयाचा व निकालाचा आंकडा दस्तुरी धरून सांगावयाचा, ही लिलावगृहांची रूढ रीत आहे. दोन निरनिराळ्या मापांनीं मोजलेलें धान्य एकाच रकान्यांत मांडण्यासारखेंच हें झालें.

शिवाय या बाजारांत एक किंमत दुसरीस जन्म देते. जून २०१० मध्यें पॅरिस येथें क्रिस्टीजमध्यें एक दगडी मस्तक ४० ते ६० लक्ष युरोंच्या अंदाजावर निघालें व ४ कोटी ३२ लक्ष युरोंस गेलें. त्याच वर्षीं नोव्हेंबरांत न्यूयॉर्क येथें १९१७ सालचें एक बैठ्या स्त्रीचें विवस्त्र चित्र ६ कोटी ८९ लक्ष डॉलरांस विकलें. तें १९९९ सालीं १ कोटी ६८ लक्षांच्या आसपास गेलें होतें. २०१४ सालीं दुसऱ्या एका मस्तकानें ७ कोटी ७ लक्ष डॉलर आणले. आणि ता. ९ नोव्हेंबर २०१५ रोजीं क्रिस्टीजच्या न्यूयॉर्क दालनांत पहुडलेल्या स्त्रीचें प्रसिद्ध चित्र १७ कोटी ४ लक्ष डॉलरांस शांघायचे संग्राहक ल्यू यीछ्यान यांनीं घेतलें. या प्रत्येक विक्रीच्या वेळीं मागील विक्री दाखल्यास दिली गेली. म्हणजे साक्षीदार दुसऱ्या साक्षीदाराचा हवाला देतो, दुसरा तिसऱ्याचा, आणि मूळ प्रसंग पाहणारा कोणीच नाहीं. ज्या चित्रांचीं नांवें येथें घेतलीं त्यांच्या अस्सलपणाविषयीं आम्हांस शंका नाहीं. त्यांचा पूर्वेतिहास नीट नोंदलेला आहे. आमचें म्हणणें इतकेंच कीं, तीं अस्सल आहेत म्हणून महाग आहेत; महाग आहेत म्हणून अस्सल नव्हेत. हा क्रम उलटला कीं अनर्थ ओढवतो.

अनर्थाचीं दोन उदाहरणें देतों. १९०९ सालीं लिव्होर्नोस परतलेल्या मोदिल्यानीनें आपलीं न साधलेलीं शिल्पें कालव्यांत फेकून दिलीं, अशी एक आख्यायिका होती. १९८४ सालीं त्याच्या जन्मशताब्दीनिमित्त नगरपालिकेनें कालव्याचा गाळ उपसविला, आणि खरोखरच तीन मस्तकें वर आलीं! नामांकित कलेतिहासकारांनीं तीं मोदिल्यानीचीं म्हणून उचलून धरलीं. संग्रहालयांत तीं मांडलींहि. थोड्याच दिवसांत तीन विद्यार्थी पुढें आले व एक मस्तक आम्हींच विजेच्या छिद्रयंत्रानें कोरून पाण्यांत टाकलें असें सांगून त्यांनीं दूरचित्रवाणीवर सर्वांदेखत तसलेंच दुसरें करून दाखविलें. उरलेलीं दोन आंजेलो फ्रोल्या नांवाच्या स्थानिक कलावंतानें केल्याचें उघड झालें. येथें पैशाचा मोह नव्हता. आख्यायिका आधींच मनांत होती, आणि तिला जुळणारा दगड हातीं आला, एवढ्यानें विद्वानांचे डोळे बांधले गेले. त्याच वर्षीं चित्रकाराची मुलगी वारली. जी दंतकथा झाडण्यांत तिचें आयुष्य गेलें, तिनेंच असा विजय मिळवावा हा दैवदुर्विलास होय.

दुसरें उदाहरण जेनोआचें. २०१७ सालीं तेथील दूकाले प्रासादांत मोदिल्यानीचें प्रदर्शन भरलें. कार्लो पेपी या टस्कन संग्राहकानें कांहीं चित्रांवर उघड शंका घेतली. पोलिसांनीं चित्रें ताब्यांत घेतलीं व प्रदर्शन मुदतीपूर्वींच बंद पडलें. तपासासाठीं दिलेल्या २१ कृतींपैकीं २० बनावट असल्याचा अभिप्राय सरकारी तज्ज्ञानें २०१८ सालीं दिला. तोंपर्यंत हजारों लोकांनीं तिकिटें काढून हीं चित्रें पाहिलीं होतीं. गिऱ्हाईक फसला तर त्याचा पैसा जातो. पण प्रेक्षक फसला तर त्याच्या मनांतील चित्रकारच बदलतो. हें नुकसान कोणत्याहि न्यायालयांत भरून मिळत नाहीं.

मालकीच्या परंपरेकडे दुर्लक्ष केल्यानें काय होतें याचेंहि एक उदाहरण आहे. हातांत काठी घेऊन बसलेल्या पुरुषाचें १९१८ सालचें चित्र १९९६ मध्यें लंडनच्या लिलावांत ३२ लक्ष डॉलरांस गेलें. तें आपल्या कुटुंबांतील ओस्कार स्तेतिनेर या, पॅरिस सोडून पळालेल्या, ज्यू विक्रेत्याचें असून जर्मन अमलाखालीं जबरदस्तीनें विकलें गेलें, असा दावा पुढें वारसानें न्यूयॉर्कच्या न्यायालयांत लाविला, व तो अनेक वर्षें चालला. चित्र प्रत्यक्षांत कोणाच्या हातीं आहे हाच वादाचा एक मुद्दा होऊन बसला. आणि २०१६ सालीं पनामा येथील एका कायदेपेढीचीं दप्तरें फुटलीं, तेव्हां त्यावर प्रकाश पडला. दाव्याच्या गुणदोषांत आम्ही शिरत नाहीं. परंतु एक गोष्ट ध्यानांत घेण्यासारखी आहे: हातोडा पडल्यानें प्रश्न मिटला नाहीं, तो कागदपत्रांनींच पुढें सरकला. १९३३ ते १९४५ या वर्षांत जें चित्र कोणाकडे होतें याचा उलगडा होत नाहीं, त्याच्या यादीक्रमांकानें ती पोकळी भरत नाहीं.

येथें एक आक्षेप येईल. कोणी म्हणेल कीं, यादी नको, किंमत नको, तज्ज्ञाची दृष्टिहि पुरेशी नको, तर व्यवहार चालावा कसा? चेरोनीची यादी अपूर्ण असेल, पण तिच्या कडक बंधनामुळेंच हजारों बनावट चित्रें बाजाराबाहेर राहिलीं. हा आक्षेप आम्ही हलका मानीत नाहीं. अर्धवट किल्लाहि उघड्या मैदानापेक्षां बरा. शिवाय नव्या याद्या करणारांस धमक्या, दावे व आमिषें यांस तोंड द्यावें लागतें. मृत यादीकर्त्यास कोणी धमकावूं शकत नाहीं, हा चेरोनीचा एक मोठाच गुण समजला पाहिजे! परंतु किल्ला अपूर्ण आहे हें कबूल करून त्याची डागडुजी करणें निराळें, आणि त्याच्या पडक्या भिंतीस देवता मानून पूजणें निराळें.

डागडुजीची सुरुवात झालेली आहे हें नमूद करण्यास आम्हांस समाधान वाटतें. लंडनच्या टेट मॉडर्नमध्यें २०१७-१८ सालीं भरलेल्या प्रदर्शनाच्या निमित्तानें, आणि फिलाडेल्फियाच्या बार्न्स संस्थेंत २०२२-२३ सालीं भरलेल्या प्रदर्शनाच्या निमित्तानें, निरनिराळ्या संग्रहालयांनीं आपल्या जवळील चित्रांची शास्त्रीय तपासणी करून निष्कर्ष एकत्र केले. जुन्या, वापरलेल्या कापडावर पुनः चित्र काढण्याची त्याची संवय, खालच्या थरांत दडलेलीं आकृत्यांचीं रूपें, रंगाचा पातळ वा जाड लेप, यांची माहिती आतां मोजमापानें मिळूं लागली आहे. अशा तपासणींत एखादें रंगद्रव्य त्याच्या मृत्यूनंतरच बाजारांत आलेलें आढळलें, तर तो पुरावा निर्णायक ठरतो. मात्र उलट बाजूनें सावध राहिलें पाहिजे: योग्य काळचें द्रव्य आढळलें एवढ्यावरून चित्र अस्सल ठरत नाहीं. जुना कागद मिळवून त्यावर नवी सनद लिहिणारे सर्व देशांत असतात.

तात्पर्य, आमचा निर्णय येणेंप्रमाणें. पहिलें, चेरोनीची यादी ही साक्ष आहे, निवाडा नव्हे. तिच्यांतील होकारास मोठें वजन द्यावें, पण तिच्या मौनास कांहींच देऊं नये. दुसरें, कर्तृत्वाचा निर्णय हस्तांतराचे कागद, चित्राची द्रव्यपरीक्षा आणि अभ्यस्त दृष्टि या तिहींच्या मेळानें व्हावा. तिहींपैकीं एक विरुद्ध गेल्यास उरलेल्या दोहोंनीं गप्प न बसतां उत्तर द्यावें. तिसरें, लिलावाचा भाव हा या विचारांत मुळींच घेऊं नये. भावावरून लोकांची हौस कळेल, त्या त्या काळच्या धनिकांची कुवत कळेल. हीहि इतिहासाचीं साधनें आहेत, पण तीं आमच्या काळाच्या इतिहासाचीं, मोदिल्यानीच्या नव्हेत. आणि चौथें, जेथें पुरावा पुरत नाहीं तेथें फान्स्टीलप्रमाणें ‘संभाव्य’ हा शब्द लिहिण्याची लाज बाळगूं नये.

असो. ज्या मनुष्यास हयातींत आपलें चित्र जेमतेम जेवणाच्या भावानें द्यावें लागलें, त्याच्या मागें कोट्यवधींची उलाढाल चालली आहे, याचा खेद करीत बसण्यांत अर्थ नाहीं. त्यास आतां पैसा पोहोंचत नाहीं. त्यास देण्यासारखी एकच गोष्ट उरली आहे: त्याच्या हातचें जें असेल तें त्याचें म्हणावें, आणि जें नसेल तें त्याच्या नांवावर चढवूं नये. एवढें ऋण फेडण्याचें काम हातोड्याचें नव्हे. तें संशोधकाचें आहे.